मूलभूत जीवनाधार आणि रुग्णालयीन परिचारिकांचे ज्ञान : सांगोला तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सांगोला हे सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुक्याचे ठिकाण होय. येथून पंढरपूर सुमारे ३२ किलोमीटरवर असून सोलापूरचे शासकीय सर्वोपचार रुग्णालय सुमारे ८० किलोमीटरवर आहे. मिरजेस रेल्वेने जाता येते. रत्नागिरी-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग तालुक्यातून जातो आणि आषाढी-कार्तिकीस कोल्हापूर, सांगलीकडील दिंड्याही याच वाटेने पंढरीस जातात. भूगोलाचे हे तपशील येथे देण्याचे कारण असे की, हृदयक्रिया बंद पडल्यानंतर मेंदूस रक्त न मिळाल्यास साधारणतः चार ते सहा मिनिटांत त्याची कायमची हानी होऊ लागते. चार मिनिटांत कोणतीही रुग्णवाहिका सोलापूर गाठू शकत नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेली १०८ क्रमांकाची सेवा ग्रामीण भागास निश्चितच उपकारक ठरली. तथापि तिचा उपयोग होण्यासाठी रुग्ण तोवर तग धरून असावा लागतो. म्हणजेच त्या पहिल्या मिनिटांत जे काही करावयाचे, ते जागेवर उपस्थित असलेल्या व्यक्तीनेच करावयाचे असते.

तालुक्याच्या ठिकाणच्या लहान रुग्णालयांत, मग ती शासकीय असोत वा खाजगी, ही व्यक्ती बहुधा परिचारिका असते. डॉक्टर शस्त्रक्रियागृहात, बाह्यरुग्ण विभागात किंवा रात्री निवासस्थानी असतात. खाटेजवळ परिचारिका असते. म्हणून 'मूलभूत जीवनाधार' या विषयाचे तिचे ज्ञान हा केवळ शुश्रूषाशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक घटक राहत नाही. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचे स्वरूप, ते मोजण्याच्या प्रचलित पद्धतीतील उणिवा आणि सांगोल्यासारख्या ठिकाणी त्याची नेमकी गरज यांचा विचार केला आहे. लेखातील विवेचन अध्यापकवर्गासाठी असल्याने वैद्यकीय परिभाषा शक्य तेवढी सोपी ठेवली आहे.

संकल्पना

प्रथम एक सर्वसाधारण गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीत हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी वाहिनी अडते. रुग्ण शुद्धीवर असतो, छातीत दुखत असल्याचे सांगतो, त्याची नाडी चालू असते. दुसरीत हृदय रक्त ढकलण्याचे कार्यच थांबविते आणि रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिली घटना दुसरीस कारण ठरू शकते, परंतु बुडणे, विजेचा धक्का, विषबाधा, अतिरक्तस्राव अशी इतरही अनेक कारणे असतात. मूलभूत जीवनाधार म्हणजे या दुसऱ्या स्थितीत औषधे व गुंतागुंतीची साधने यांच्याशिवाय रक्ताभिसरण आणि श्वसन कृत्रिमरीत्या चालू ठेवणे होय. ही स्थिती ओळखणे, मदत बोलाविणे, छातीवर दाब देणे, श्वासमार्ग मोकळा करून श्वास देणे आणि उपलब्ध असल्यास एईडी या यंत्राने विजेचा झटका देणे एवढ्या गोष्टी त्यात येतात.

छातीदाबाने नेमके काय घडते, हे समजण्यास आपल्या भागातील हापशाचे उदाहरण पुरेसे आहे. हापसा मारू लागल्यावर पहिल्या काही हापक्यांना पाणी येत नाही. नळीत पाणी चढावे लागते. हात थांबला की ते खाली उतरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील दाबाचेही असेच आहे. सलग दाब देत गेल्यावर तो हळूहळू चढतो आणि थांबताच झपाट्याने उतरतो. उत्तम प्रकारे दिलेल्या छातीदाबानेही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्साच मिळतो. त्यात नाडी पाहण्यासाठी, नळी घालण्यासाठी, डॉक्टरांशी बोलण्यासाठी वारंवार खंड पडला, तर तोही उरत नाही. दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबू नये, हा नियम यातूनच आला आहे. त्याचप्रमाणे प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, कारण हृदयात रक्त भरते ते त्याच क्षणी. दमलेली व्यक्ती नकळत छातीवर रेलून राहते आणि दाब मोजून देऊनही रक्त पुढे जात नाही.

प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत आज मान्य असलेले प्रमाण असे : उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर किमान ५ सेंटिमीटर, परंतु ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, इतका खोल दाब, मिनिटास १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, प्रत्येक श्वास सुमारे एक सेकंदाचा व छाती उचललेली दिसेल एवढाच, आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलणे.

बदलते नियम आणि 'चुकीची' उत्तरे

हे आकडे आज ठाम वाटत असले, तरी त्यांचा इतिहास फार जुना नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स एलम व पीटर साफार यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याची परिणामकारकता दाखवून दिली. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन हृदय चालविता येते, हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी तयार करणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी मानवाकृती पुतळा बनविला. पॅरिसच्या सीन नदीत मिळालेल्या एका अनामिक तरुणीचा मुखवटा म्हणून जो प्रसिद्ध होता, त्यावरून या पुतळ्याचा चेहरा घेतला गेला. आजही जगभरच्या परिचारिका ज्या चेहऱ्यावर श्वास देण्यास शिकतात, तो बहुधा तिचाच असतो.

यानंतर संशोधन वाढत गेले तसे नियमही बदलत गेले, आणि परिचारिकांच्या ज्ञानाचा विचार करताना हा मुद्दा फारसा लक्षात घेतला जात नाही. २००० पूर्वी दोन व्यक्ती असल्यास पाच दाबांना एक श्वास शिकविला जात असे. २००० मध्ये प्रौढांसाठी १५ दाबांना २ श्वास असे प्रमाण सरसकट आले. २००५ मध्ये ते ३० ला २ झाले. २०१० मध्ये क्रमच उलटला : तोवर श्वासमार्ग, श्वास व नंतर रक्ताभिसरण असा क्रम होता, आता छातीदाब प्रथम आला. २०१५ मध्ये दाबाच्या वेगास व खोलीस वरची मर्यादा घालण्यात आली. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत तान्ह्या बाळास दोन बोटांनी दाब देण्याची पद्धत वगळण्यात आली आणि प्रौढांच्या घशात काही अडकल्यास पाच वेळा पाठीवर थाप व नंतर पाच वेळा पोटावर दाब असा क्रम सांगितला गेला.

आता अशी कल्पना करावी की, एकाच कक्षात तीन परिचारिका आहेत. एकीचे शिक्षण १९९८ मध्ये, दुसरीचे २००७ मध्ये आणि तिसरीचे २०१८ मध्ये पूर्ण झाले. तिघींनी आपापल्या काळात अचूक उत्तरे लिहून परीक्षा उत्तीर्ण केली आहे. आज एका रुग्णाभोवती त्या एकत्र आल्या, तर एक प्रथम तोंड उघडून श्वासमार्ग पाहील, दुसरी श्वास देऊन दाबास लागेल आणि तिसरी सरळ छातीवर हात ठेवील. ज्येष्ठतेचा मान ठेवण्याची आपली रीत लक्षात घेता, सर्वांत जुनी माहितीच त्या खाटेजवळ प्रमाण ठरण्याचा संभव अधिक. प्रश्नावलीत 'अज्ञान' म्हणून नोंदले जाणारे उत्तर पुष्कळदा कालचे शुद्ध ज्ञान असते. ते विसरलेले नसते. नवे कोणी सांगितलेले नसते.

भारतापुरते सांगावयाचे तर, भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये आपल्या परिस्थितीस अनुरूप अशी तीन स्तरांची तत्त्वे प्रसिद्ध झाली : सामान्य नागरिकासाठी केवळ छातीदाब, प्रशिक्षित व्यक्तीसाठी रुग्णालयाबाहेरील जीवनाधार आणि रुग्णालयातील पथकासाठी सर्वंकष पुनरुज्जीवन. यांतील पहिला स्तर अत्यंत सोपा असल्याने त्याचाच प्रसार अधिक झाला. ६ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या देशव्यापी प्रशिक्षण मोहिमेत वीस लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले होते. मोहीम स्वागतार्हच होती. मात्र त्यातून 'श्वास देण्याची आता गरज नाही' असा जो समज पसरला, तो परिचारिकेच्या बाबतीत धोकादायक आहे.

सांगोल्यातील आकस्मिक प्रसंग

पाठ्यपुस्तकांतील नमुना रुग्ण हा शहरातील, छातीत दुखून अचानक कोसळलेला प्रौढ पुरुष असतो. सांगोल्यातही असे रुग्ण येतात, वारीच्या दिवसांत तर येतातच. परंतु येथील शेती व राहणीमान पाहता परिचारिकेसमोर येणाऱ्या प्रसंगांचे स्वरूप बऱ्याच अंशी वेगळे आहे.

डाळिंबाच्या बागांसाठी तालुक्यात शेततळी मोठ्या प्रमाणावर झाली. त्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाण्याने व शेवाळाने तो निसरडा होतो आणि आत पडलेल्या पोहणाऱ्यासही काठ धरता येत नाही. बुडालेल्या व्यक्तीचे हृदय प्राणवायूच्या अभावी थांबते. रक्तातील प्राणवायू आधीच संपलेला असतो. अशा रक्तास केवळ दाबाने फिरवीत राहण्यात फारसा अर्थ नाही. त्यामुळे येथे प्रशिक्षित व्यक्तीने श्वास देण्यास प्राधान्य द्यावयाचे असते. पोटावर दाबून किंवा रुग्णास उलटे धरून पाणी काढण्याचा जो प्रकार गावोगाव केला जातो, त्याने अमूल्य वेळ जातो आणि जठरातील अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

सर्पदंशाचे उदाहरण याहून बोलके आहे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. दंशाची वेदना अत्यल्प असते, सूजही दिसत नाही. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. या रुग्णाचे हृदय उत्तम चालू असते. त्यास छातीदाबाची गरज नसते; गरज असते ती दर सहा सेकंदांनी एक श्वास देण्याची आणि दर दोन मिनिटांनी नाडी तपासण्याची. प्रतिविष देऊन, अंबू पिशवी दाबीत रुग्णास मोठ्या रुग्णालयात पोहोचविले, तर पूर्ण बरा होऊन तो घरी परतू शकतो. पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडू शकत नाही, हात हलवू शकत नाही, आणि तरीही आतून जागा असू शकतो. त्यास मृत समजण्याची चूक होऊ शकते. 'नाडी आहे, श्वास नाही' ही तिसरी शक्यता ज्या प्रशिक्षणात स्वतंत्रपणे शिकविली जात नाही, ते प्रशिक्षण या तालुक्यासाठी अपुरे म्हणावे लागेल.

कीटकनाशकाच्या विषबाधेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषध प्यायलेल्या वा फवारताना अंगावर सांडलेल्या रुग्णास तोंडाने श्वास दिल्यास देणाऱ्यासच बाधा होऊ शकते. म्हणून हातमोजे, भिजलेले कपडे काढणे आणि पिशवी-मुखवट्याचा वापर आवश्यक ठरतो. विहिरीवरील मोटारीचा विजेचा धक्का बसलेल्या तरुणाच्या बाबतीत मात्र हृदयाची लयच विस्कटलेली असते. तेथे त्वरित छातीदाब आणि मिळाल्यास एईडी यांनाच महत्त्व आहे. अशा लयबिघाडात काहीच न केल्यास दर मिनिटास वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

प्रसूतिकक्षाचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही. जन्मतः न रडणाऱ्या बाळास पहिल्या मिनिटातच श्वासाचे साहाय्य मिळावे लागते. त्याच्या बाबतीत दाब व श्वास यांचे प्रमाणही तीनास एक असे वेगळे आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाद्वारे या विषयाचे प्रशिक्षण परिचारिकांपर्यंत पोहोचले आहे. गरोदर स्त्रीचे हृदय थांबल्यास गर्भाशय हाताने डावीकडे सारून ठेवून दाब द्यावा लागतो, अन्यथा मोठी रक्तवाहिनी दाबली जाऊन हृदयाकडे रक्त परतत नाही. ही साधी कृती वेळेवर आठवणे, हेच तेथे कठीण असते.

ज्ञानाचे मोजमाप

परिचारिकांच्या ज्ञानावर आपल्याकडे विपुल प्रबंध लिहिले जातात. त्यांची रचना बहुतांशी ठरलेली असते : पूर्वचाचणी, नियोजित अध्यापन, काही दिवसांनी उत्तरचाचणी आणि सरासरीतील वाढ सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय असल्याचा निर्वाळा. शिकविल्यानंतर आठवड्याभरात गुण वाढतात, हे सिद्ध करण्यास वस्तुतः प्रबंधाची गरज नाही. प्रश्न सहा महिन्यांनंतरचा असतो, आणि तो क्वचितच विचारला जातो. विविध देशांतील अभ्यासांतून असे आढळले आहे की, पुनरुज्जीवनाचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते; पाठ केलेली माहिती त्यामानाने अधिक टिकते. म्हणजेच परिचारिका '५ सेंटिमीटर' हे उत्तर लिहिते, परंतु तिचा हात तीनच सेंटिमीटर जातो.

२०१० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. वैद्यक, दंतवैद्यक, होमिओपॅथी व शुश्रूषा या शाखांतील विद्यार्थी, डॉक्टर आणि अध्यापक अशा १,०५४ व्यक्तींना वीस मूलभूत प्रश्न विचारण्यात आले. सर्व उत्तरे बरोबर देणारी एकही व्यक्ती आढळली नाही, आणि जवळजवळ ८५ टक्के व्यक्तींना निम्म्याहून कमी गुण मिळाले. या आकड्यांचा उपयोग परिचारिकांना दोष देण्यासाठी करणे योग्य होणार नाही. प्रतिसादकांत डॉक्टर व अध्यापकही होते, हे विसरता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात मूलभूत जीवनाधाराचा घटक अनिवार्य करण्यात आला, ही गोष्ट समाधानाची आहे. त्यापूर्वी शिकून सेवेत आलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

लेखी चाचणीतून निसटणारी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ओळख. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटे रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो. आपण त्यास घरघर लागली असे म्हणतो. तो श्वास नव्हे. मेंदूच्या तळाकडील भागाची ती अखेरची धडपड होय. परंतु पाहणारा 'अजून श्वास चालू आहे' असे समजून थांबतो, आणि नातेवाईक तोंडात पाणी घालतात. नाडीचेही तसेच. घाबरलेल्या परिचारिकेस स्वतःच्याच बोटांतील ठोके रुग्णाचे वाटू शकतात. म्हणूनच नाडीसाठी दहा सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये आणि निश्चित न जाणवल्यास ती नाही असे धरून दाब सुरू करावा, असा दंडक आहे. हा निर्णय कागदावर एका खुणेचा असतो. खाटेजवळ तो फार अवघड असतो.

कक्षातील वास्तव

ज्ञान असूनही कृती न होण्याची कारणे पुष्कळदा क्षुल्लक दिसतात. लोखंडी खाटेवरील गादी व खालची झोळी झालेली जाळी दाबाचा मोठा भाग गिळून टाकते. पाठीखाली सरकविण्याची लाकडी फळी कक्षात असावी लागते. खाट उंच आणि परिचारिका ठेंगणी असेल, तर कोपरे वाकतात व दाब खांद्यातून न येता मनगटातून येतो. त्यासाठी पायाखाली स्टूल हवे. प्राणवायूच्या सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली हवी. अंबू पिशवीचा योग्य मापाचा मुखवटा हवा, आणि ती कुलूपबंद कपाटात नसावी. कपाटाची किल्ली ज्या परिसेविकेकडे असते, ती रात्री घरी असते. वस्तू हरवल्यास भरपाई द्यावी लागण्याच्या भीतीने ही कुलपे लागतात, हे जाणकारांस सांगावयास नको.

याहून मोठी अडचण अधिकाराची आहे. 'आधी डॉक्टरांना बोलवा' हा संस्कार आपल्या रुग्णालयीन व्यवस्थेत खोलवर रुजला आहे. औषधाच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु छातीदाब हे औषध नव्हे. त्यासाठी लेखी आदेशाची वाट पाहावयाची नसते. एकटी परिचारिका दूरध्वनीकडे धावते, तेव्हा नेमका मोलाचा काळ निघून जातो. मावशी किंवा कक्षसेवक यांना दूरध्वनी करण्यास व फळी आणण्यास शिकविले, तर परिचारिकेचे हात मोकळे राहतात. किंबहुना दोन मिनिटांनी हात बदलण्यासाठी दुसरी व्यक्ती लागतेच, आणि रात्रपाळीत ती दुसरी व्यक्ती मावशीच असते. तिला प्रशिक्षणातून वगळणे हे व्यवहारास धरून नाही.

मोजणीच्या भाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. मिनिटास ११० या गतीने दाब देताना प्रत्येक आकड्यास जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. मराठीत दहापर्यंतचे आकडे सुटसुटीत आहेत. परंतु एकोणीस, चोवीस, सत्तावीस, एकोणतीस म्हणताना जीभ अडते आणि हाताची लयही अडते. त्याऐवजी दहापर्यंत तीन वेळा मोजणे सोयीचे. पाश्चात्त्य देशांत लय धरण्यासाठी 'स्टेइंग अलाइव्ह' या १९७७ च्या गीताचा उपयोग करतात. आपल्याकडे टाळांचा ठेका सुचविता येईल. अडचण एवढीच की, भजन रंगत जाते तशी लय चढत जाते, आणि वेग १२० च्या पुढे गेल्यास दाब उथळ होऊ लागतो.

कौशल्य टिकविण्यासाठी वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा थोडा परंतु वारंवार सराव अधिक उपयुक्त ठरतो. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका काही मिनिटे एकत्र असतात. त्या वेळी पुतळ्यावर प्रत्येकीने दोन मिनिटे दाब दिल्यास कोणाचीही रजा वा प्रवासभत्ता लागत नाही. पुतळा विकत घेणे लहान रुग्णालयास जड वाटत असेल, तर महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा विभागासाठी घेतलेला पुतळा रुग्णालयास आळीपाळीने देता येईल. विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी परिचारिकेस महाविद्यालयात बोलाविले, तर तिचाही सराव आपोआप होईल.

प्रारंभ न करण्याचा प्रश्न

एक प्रश्न नाजूक असल्याने शेवटी घेतला आहे. चित्रपट व दूरदर्शन मालिकांत छातीदाबानंतर रुग्ण उठून बसतो. प्रत्यक्षात अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडलेल्या चार रुग्णांपैकी सुमारे एकच घरी परततो. बुडालेले मूल, मण्यार चावलेला शेतकरी, न रडणारे बाळ यांच्या बाबतीत प्रयत्नांची शर्थ करावयाची, याविषयी दुमत नाही. परंतु कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील वृद्धाच्या बरगड्या मोडेपर्यंत दाब द्यावयाचा काय? परिचारिकेस हा प्रश्न पडतो आणि तो विचारण्याची सोय नसल्याने कधी कधी ती 'हळूहळू' दाब देते. हा सर्वांचीच फसवणूक करणारा मार्ग आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, रुग्णाशी वा त्याच्या निकटच्या नातेवाइकांशी बोलून, आधी घ्यावयाचा असतो आणि तो लेखी नोंदवावयाचा असतो. त्या रुग्णाचे वेदनाशमन, प्राणवायू, शुश्रूषा हे सर्व पूर्ववत चालू राहते. अशी नोंद केसपेपरवर पाळी बदलताना दाखविली गेली पाहिजे. ती नसेल, तर रात्रपाळीच्या परिचारिकेने तर्क न लढविता फळी सरकवून छातीदाब सुरू करावयाचा असतो.